घरच्या सलामीचा हिवाळा

मध्य इटलीतल्या पेरूजा शहराच्या मुख्य चौकात एक भलेमोठे दगडी कारंजे आहे. निकोला पिझानो आणि त्याचा मुलगा जोव्हान्नी या शिल्पकारांनी १२७८ मध्ये ते पूर्ण केले. त्याच्या खालच्या हौदाभोवती बायबलमधले प्रसंग आहेत, व्याकरणापासून खगोलशास्त्रापर्यंतच्या विद्या आहेत, रोम वसवणारे जुळे भाऊ आहेत. याच रांगेत वर्षाच्या बारा महिन्यांची कामेही कोरली आहेत. डिसेंबरच्या वाट्याला आली आहे ती डुकराची कत्तल. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या नगरीला डुक्कर मारून हिवाळ्यात मांस टिकवण्याचे काम नांगरणी-कापणीच्या तोलाचे वाटत होते, आणि ते खरेही होते. घराचे पुढचे वर्ष कसे जाणार, हे त्या एका दिवसावर बरेचसे ठरत असे.

आज सलामी म्हटले की दुकानातल्या यंत्रावर कापलेल्या पातळ गोल चकत्या डोळ्यांपुढे येतात. पण सलामी जन्मली आणि वाढली ती घरात. शेतकऱ्याचे स्वयंपाकघर, चुलीचा धूर, घराखालचे थंड तळघर आणि डिसेंबर-जानेवारीची थंडी यांच्या आधाराने ती घडली. तिच्यातला प्रत्येक जिन्नस कुठल्या ना कुठल्या टंचाईची किंवा भीतीची आठवण जपून आहे.

मांस टिकवण्याची ही विद्या रोमनांच्याही आधीपासूनची. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कातो या रोमन लेखकाने शेतीवर लिहिलेल्या पुस्तकात डुकराची मांडी मिठात कशी पुरायची याची कृती दिली आहे. दक्षिण इटलीतल्या लुकानिया प्रांतातले लोक आतड्यात मांस भरत, आणि रोमन सैनिकांनी ती रीत त्यांच्याकडून उचलली, असे रोमन विद्वान वार्रो सांगतो. आपिकियसच्या नावावर असलेल्या पाककृतीसंग्रहात या लुकानिकाची कृती सापडते: कुटलेले मांस, चरबी, जिरे, मिरी, सुवासिक पाने, माशांचा खारट रस, आणि भरलेले आतडे धुरावर टांगायचे. यातली मिरी आली होती ती मलबारच्या किनाऱ्यावरून. तिथल्या मुझिरिस बंदरातून गलबते भरभरून ती रोमन साम्राज्यात जाई. इसवी सन ४०८ मध्ये गॉथ राजा अलारिकने रोमला वेढा घातला तेव्हा खंडणीत सोन्या-रुप्याबरोबर तीन हजार पौंड मिरीही मागितली. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याचा दाणा सलामीच्या पूर्वजात असा अगदी सुरुवातीपासून आहे.

रोमन साम्राज्य ढासळल्यावर उत्तर इटलीत जंगल वाढले आणि त्याबरोबर डुकरांचे महत्त्वही. लोंबार्ड राजा रोथारी याने ६४३ मध्ये कायदे लिहून काढले. त्यात नांगर हाकणाऱ्या गुलामाला मारले तर वीस सुवर्णनाणी दंड होता. हाताखाली शागीर्द असलेल्या पट्टीच्या डुक्करपाळाला मारले तर पन्नास. नवव्या-दहाव्या शतकांत ब्रेशिया किंवा बोब्बियो इथल्या मठांनी आपल्या मालमत्तेच्या याद्या केल्या, तेव्हा रानाचे माप बिघ्यांत धरले नाही. ओकची फळे खाऊन त्या रानात किती डुकरे पोसली जातील, त्या आकड्यात ते नोंदवले. जमिनीची किंमतच डुकरांत मोजली जात होती.

पुढे जंगले तुटली, शेते वाढली आणि डुक्कर रानातून अंगणात आले. कळपाच्या जागी प्रत्येक घरामागे एक डुक्कर आले. वसंतात पिल्लू घ्यायचे, कोंडा, ताकाचे पाणी, भाजीचे देठ, खरकटे यांवर ते वाढवायचे, आणि थंडी पडली की कापायचे. सलामीचा घरगुती इतिहास इथून सुरू होतो.

डुक्कर कापणे हे कुणाही शेतकऱ्याला जमणारे काम नव्हते. एक चूक झाली तर दीडशे किलो मांस कुजून जाई. त्यासाठी कसबी माणूस लागे, आणि त्या कसबाचे माहेर म्हणजे उंब्रिया प्रांतातले नोर्चा हे डोंगरी गाव. सिबिल्लिनी पर्वताच्या कुशीतल्या या गावी हिवाळ्यात शेतीचे काम नसे. मग तिथले पुरुष सुऱ्या-कोयते घेऊन रोम, तोस्काना, मार्के अशा दिशांना उतरत. गावोगाव, घरोघर जाऊन डुकरे कापत, मांस खारवत, आतडी भरत आणि वसंत लागला की डोंगरावर परतत. त्यांना नोर्चीनो म्हणत. १६१५ मध्ये पोप पाचव्या पॉलने रोममधल्या त्यांच्या बंधुमंडळाला मान्यता दिली. नोर्चात जन्मलेले संत बेनेडिक्ट आणि त्यांची बहीण स्कोलास्टिका हे त्या मंडळाचे आश्रयदाते. आजही इटलीत डुकराच्या मांसाच्या खास दुकानाला लोक नोर्चिनेरियाच म्हणतात.

याच नोर्चाच्या शेजारच्या प्रेची गावाची कथा तर आणखी विलक्षण आहे. तिथल्या तीसेक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या शल्यवैद्य झाले. मोतीबिंदू काढणे, मूतखडा फोडणे, अंतर्गळ शिवणे यांत त्यांचा हातखंडा होता आणि त्यांना युरोपभरच्या दरबारांतून बोलावणी येत. १२१५ मध्ये चर्चच्या लॅटेरन परिषदेने धर्मगुरूंना शस्त्रक्रियेची मनाई केली. त्यानंतर मठातली विद्या गावकऱ्यांच्या हाती गेली, असे तिथे सांगितले जाते. ज्या हातांनी वर्षानुवर्षे डुकराची आतडी न फाडता सोडवली, चरबीचे पापुद्रे अलगद सुटे केले, त्या हातांना माणसाच्या शरीराची वाट सापडणे समजण्यासारखे आहे.

नोर्चीनो येई तो दिवस घराला सणासारखा असे. शक्यतो उतरत्या चंद्राचा दिवस निवडायचा, कारण चढत्या चंद्रात भरलेली सलामी आंबते असा समज होता. पाळी आलेल्या बाईने मांसाला हात लावायचा नाही, असाही दंडक होता. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीबाबत जे सांगितले जाई, नेमके तेच. शेजारी पहाटेच मदतीला येत. मोठ्या हंड्यांत पाणी उकळत ठेवलेले असे. डुक्कर मारल्यावर उकळते पाणी ओतून केस खरवडायचे, मग उलटे टांगून पोट फाडायचे. रक्त वाया जाऊ द्यायचे नाही. त्याचे गोड किंवा तिखट पदार्थ त्याच दिवशी होत. आतडी धुण्याचे काम बायकांकडे. उलटी करून, मीठ-व्हिनेगर चोळून, वाहत्या पाण्यात ती पुन्हा पुन्हा धुवायची. हे काम किचकट आणि थंडीत बोटे बधिर करणारे. पण सगळी मदार त्यावरच.

सलामीचे मांस लगेच भरत नसत. ते रात्रभर थंडीत टांगून गार होऊ देत, कारण ऊबदार मांसातली चरबी लगद्यासारखी पसरते आणि आतून पाणी बाहेर पडायची वाट बंद होते. दुसऱ्या दिवशी नोर्चीनो सुरीने मांसाचे आणि पाठीवरच्या टणक चरबीचे तुकडे करी. किती बारीक, हे त्या त्या प्रांताच्या रिवाजावर. शंभर किलो मांसाला साधारण अडीच ते तीन किलो मीठ, भरड मिरी, वाइनमध्ये ठेचून भिजवलेला लसूण. मग कोपरापर्यंत हात घालून मळायचे. बोटांना मांस चिकटू लागले, गोळा एकजीव झाला की थांबायचे. आतड्यात भरताना हवा राहिली तर तिथे कुज धरते, म्हणून ठासून भरायचे, सुईने टोचायचे आणि सुतळीने आवळून बांधायचे.

यानंतरचे काम घराचेच होते. सुरुवातीचे काही दिवस सलामी स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेत टांगत. त्या उबेत मांस आतल्या आत आंबू लागे आणि वरचा ओलावा उडे. मग सलाम्या तळघरात नेत. तिथे ना फार कोरडे हवे ना फार दमट. कोरड्या वाऱ्यात वरची साल कडक होते, आतले पाणी कोंडते आणि आतून सलामी आंबूस-काळी पडते. फार दमट असेल तर साल चिकट होते. घरातली म्हातारी माणसे रोज खाली उतरून हाताने दाबून पाहत, नाक लावून वास घेत, खिडकी उघडत किंवा बंद करत. काही महिन्यांत सलामीचे वजन तिसऱ्या हिश्शाने घटे.

खाण्याचा क्रमही ठरलेला असे. पातळ आतड्यातल्या छोट्या सलाम्या लवकर वाळतात, त्या आधी संपवायच्या. आतड्याचा शेवटचा भाग जाड आणि चरबीदार असतो. त्यात भरलेली सलामी हळू वाळते आणि उन्हाळ्यापर्यंत मऊ राहते. ती कापणीच्या, मळणीच्या दिवसांसाठी राखून ठेवत. पार्माजवळच्या फेलिनोची किंवा पाव्हियाजवळच्या डोंगरातल्या वार्झीची सलामी आजही अशाच जाड आतड्यात भरतात. नोव्हाराच्या भातखाचरांचा प्रदेश मात्र इतका दमट, की तिथे सलामी धड वाळतच नसे. तिथल्या लोकांनी मग थोडी सुकलेली सलामी मडक्यात ठेवून वरून वितळवलेली चरबी ओतायची युक्ती काढली. हवाच लागू दिली नाही, तर बुरशीचा प्रश्नच मिटतो.

हे वर्णन वाचून इटालियन शेतकरी रोज सलामी खात असेल असे वाटू शकते. तसे मुळीच नव्हते. मध्य आणि उत्तर इटलीत बहुतेक जमीन मालकाची असे आणि कसणारा अर्धेलीने राही. डुकरातही मालकाचा वाटा असे. उत्तम भाग, म्हणजे मांड्या, बरेचदा विकून देणी फेडली जात. १८७७ ते १८८६ या काळात स्तेफानो याचिनी यांच्या अध्यक्षतेखाली इटलीच्या शेतीची जी मोठी सरकारी चौकशी झाली, तिच्यात मक्याच्या लापशीवर जगणाऱ्या कुटुंबांचे चित्र उभे राहते. लोंबार्डी आणि व्हेनेतोत पेलाग्रा हा कुपोषणाचा रोग घरोघर होता. अशा घरात तळघरातली सलामीची माळ ही वर्षभर पुरवून खायची पुंजी होती. एर्मान्नो ओल्मी यांच्या १९७८ च्या ‘लाकडी खडावांचे झाड’ या चित्रपटात बेर्गामोच्या वाड्यात राहणाऱ्या कुळांचे आयुष्य आणि डुक्कर कापण्याचा दिवस आहे. त्यातली माणसे खरीखुरी शेतकरी होती. त्या वर्षी कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार त्यालाच मिळाला.

मिठाचीही तीच गत. मिठाशिवाय सलामी नाही, आणि मिठावर सत्तेचा कायम डोळा. १५४० मध्ये पोप तिसऱ्या पॉलने मिठावरचा कर वाढवला तेव्हा पेरूजाने बंड केले. बंड मोडले गेले आणि शहराच्या डोक्यावर पोपने प्रचंड किल्ला बांधला. इटली एक राष्ट्र झाल्यावरही मीठ सरकारी मक्तेदारीतच राहिले. तंबाखू विकणाऱ्या परवानाधारक दुकानातूनच ते घ्यावे लागे आणि ही पद्धत विसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकापर्यंत टिकली. वर्षभर चिमटीने मीठ वापरणाऱ्या घराला डिसेंबरात मात्र किलोंनी मीठ लागे.

मिरी परवडेना, तिथे पर्याय आले. तोस्कानातल्या फिनोक्कियोना या सलामीत रानात फुकट मिळणारी बडीशेप घालतात. अमेरिकेतून मिरची आल्यावर कालाब्रियाच्या गरिबांनी ती मुठीमुठीने वापरली. तिथली लालभडक, पसरवून खायची न्दूया त्यातूनच घडली.

ही मिरची पोर्तुगीज जहाजांतून गोव्यातही उतरली आणि तिथल्या ख्रिस्ती घरांत चोरीस या सलामीच्या लांबच्या भावंडाला तिने रंग दिला. दोन्हींत आतडे, मीठ, डुक्कर आणि चरबी सारखीच. पण गोव्यात थंड तळघर कुठून आणायचे? आठ-आठ दिवस मंद आंबण्याची वाट पाहिली तर किनाऱ्यावरच्या उकाड्यात मांस नासून जाईल. म्हणून गोव्याच्या घरांनी आंबटपणा बाहेरून घातला. माडाच्या सुरेचे व्हिनेगर, भरपूर मिरची, लसूण, आणि वर कडक ऊन किंवा चुलीचा धूर. पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मेच्या उन्हात, बेगमीच्या इतर जिनसांबरोबर चोरीसच्या माळा वाळत. इटलीत थंडीने केलेले काम गोव्यात उन्हाने आणि माडाने केले.

सलामी आतून का टिकते, हे मात्र शतकानुशतके कुणालाच ठाऊक नव्हते. ती कधी कधी जीव घेते, एवढे ठाऊक होते. जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गचा डॉक्टर आणि कवी युस्टिनुस केर्नर याने १८२० मध्ये सॉसेज खाऊन विषबाधा झालेल्या ७६ रुग्णांची माहिती छापली आणि १८२२ मध्ये ती संख्या १५५ वर नेली. दृष्टी दुहेरी होणे, गिळता न येणे, मग श्वास थांबणे, ही लक्षणे त्याने नेमकी टिपली. हवा न लागणाऱ्या जागीच हे विष तयार होते, हेही त्याने ताडले. १८९५ मध्ये बेल्जियमच्या एलेझेल गावी अंत्यविधीनंतर वाजंत्रीवाल्यांनी खारवलेले कच्चे हॅम खाल्ले आणि त्यांतले तिघे दगावले. त्या मांसातून एमिल व्हान एर्मेंगेम याने हे विष निर्माण करणारा जिवाणू शोधून काढला. दुसरे संकट किड्यांचे. १८६० मध्ये ड्रेस्डेनला एका मोलकरणीच्या मृत्यूनंतर फ्रीडरिश त्सेंकरला तिच्या स्नायूंत असंख्य सूक्ष्म कृमी दिसले. नाताळाच्या सुमारास कापलेल्या डुकराचे कच्चे मांस तिच्या पोटात गेले होते.

गंमत अशी की त्या विषापासून बचावाचा उपाय नोर्चीनोच्या पिशवीत आधीपासूनच होता. मांस लालसर राहावे म्हणून तो मिठात चिमूटभर सोरा मिसळे. सोऱ्यातल्या नायट्रेटचे जिवाणूंमुळे नायट्राइट होते, हे १८९१ मध्ये एडुआर्ड पोलेन्स्केने दाखवले. १९०१ मध्ये जॉन हाल्डेनने लाल रंगामागची रासायनिक क्रिया उलगडली. रंग राखणारे हे नायट्राइटच त्या जीवघेण्या जिवाणूलाही वाढू देत नाही, हे नंतर स्पष्ट झाले. चुलीच्या उबेत टांगलेल्या त्या पहिल्या दिवसांत दह्यातल्या जिवाणूंची सख्खी जातकुळी मांसातली साखर खाऊन आम्ल तयार करते. त्या आम्लाने, मिठाने आणि घटत्या ओलाव्याने मिळून घातक जिवाणूंची वाट अडते. १९५५ मध्ये फिनलंडच्या निनिव्हारा याने निवडक जिवाणूंचे विरजण सलामीला लावता येते हे सिद्ध केले. सालीवरची पांढरी बुरशीही कामाची निघाली. ती उजेड आणि हवा अडवते, वाळण्याचा वेग सांभाळते, चवीत भर घालते. २०१५ मध्ये इटालियन सलामीवर सापडलेल्या पेनिसिलियमच्या एका नव्या जातीला शास्त्रज्ञांनी सलामीचेच नाव दिले.

विज्ञान आले तसे कारखानेही आले. हंगेरीत सेगेद गावी मार्क पिक याने १८६९ मध्ये धंदा मांडला आणि पुढे सलामीसाठी इटालियन कारागीर आणले. तिसा नदीकाठच्या थंड दमट हवेत वाळणारी त्याची हिवाळी सलामी जगभर गेली. दुसरीकडे १८८० ते १९१५ या काळात सुमारे एक कोटी तीस लाख इटालियन माणसे पोटासाठी देश सोडून गेली आणि तळघराची विद्या त्यांच्याबरोबर गेली. ऑस्ट्रेलियात हिवाळा जून-जुलैत येतो, म्हणून तिथल्या इटालियन घरांनी डिसेंबरचे काम जूनमध्ये नेले. न्यू साउथ वेल्समधल्या ग्रिफिथ गावी दरवर्षी घरी केलेल्या सलाम्यांची स्पर्धा भरते, आणि आजोबांची माळ नातवंडांच्या माळेशेजारी टांगली जाते.

इटलीत घरी डुक्कर कापण्याचा हक्क अजून शाबूत आहे. १९२८ च्या राजाज्ञेने तो मान्य केला, पण स्थानिक अधिकाऱ्याची परवानगी आणि पशुवैद्याची तपासणी यांची अट घालून. आजही स्नायूचा तुकडा प्रयोगशाळेत जातो आणि कृमी नाहीत असा निर्वाळा आल्याशिवाय मांस खायचे नाही, असा नियम आहे. या परंपरेला अलीकडे दोन धक्के मात्र बसले. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ६.५ तीव्रतेच्या भूकंपात नोर्चातले संत बेनेडिक्टांचे मंदिर कोसळले. जानेवारी २०२२ मध्ये पीमोन्ते प्रांतात आफ्रिकन स्वाइन फिव्हरने मेलेले रानडुक्कर सापडले. हा रोग माणसाला होत नाही, पण डुकरांना त्यावर उपाय नाही. बाधित पट्ट्यात अंगणातली डुकरे मारून टाकावी लागली आणि नवी पाळायला बंदी झाली. भूकंपातून सावरायला माणसांनी दुकाने पुन्हा उभारली. रिकामी झालेली खुराडी भरणे तेवढे सोपे नाही.

ज्यांच्या घरी आता डुक्कर नाही, ते खाटकाकडून खांद्याचे मांस आणि पाठीची चरबी आणतात. जुन्या फ्रिजला तापमान आणि आर्द्रता राखणारे यंत्र जोडून बारा-पंधरा अंशांचे तळघर घरातच तयार करतात. ग्रॅममध्ये मोजलेले नायट्राइटचे मीठ, पुडीतले विरजण, आम्लता मोजायची पट्टी असा सगळा सरंजाम असतो. हे उपकरणांचे काम वाटले तरी बरेच निर्णय अजून बोटांनीच घ्यावे लागतात: गोळा पुरेसा चिकट झाला का, आतडे नीट ताणले का, दाबल्यावर मधोमध अजून मऊ लागते का. हे हाताला शिकवणारी माणसे ज्या घरांत आहेत, तिथे थंडी पडली की मांस मळायला तरुण हात बसतात आणि शेजारी उभे राहून वडीलधारे त्यांना पुन्हा पुन्हा सांगतात, अजून मळा, अजून जरा मळा.